पाकिटातले दोन साखरबदाम

१

शुक्रवारी दुपारी मी हिरवी फाइल उघडली, कियूमर्सच्या जन्मपुस्तिकेचं प्लॅस्टिकचं पाकीट बाहेर काढलं, आणि त्यातून टेबलावर दोन साखरबदाम घरंगळले. पुस्तिका नव्हती.

मी पाकीट झटकलं, फाइल पालथी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं. बाळाच्या आईची, म्हणजे गुलनारची पुस्तिका जागेवर होती. बाळाचा जर्मन जन्मदाखला, त्याचं मी केलेलं फारसी भाषांतर, बापाची संमती, बाळाचे चार फोटो, सगळं होतं. फक्त बापाची लाल पुस्तिका तेवढी गायब. तिच्याशिवाय बाळाचं नाव तिकडच्या, इराणच्या दप्तरात चढत नाही, आणि नाव चढल्याशिवाय इराणी पासपोर्ट मिळत नाही. इराणी बापाच्या लेकराला जर्मन पासपोर्टवर तिकडे उतरता येत नाही, हे हांबुर्गमधल्या आमच्या माणसांना पाढ्यासारखं पाठ असतं.

वकिलातीतली वेळ सोमवारी सकाळी दहाची होती. ती चुकली तर पुढची सात आठवड्यांनी. पासपोर्ट हातात यायला जवळजवळ तीन आठवडे लागणार होते आणि विमान त्या शुक्रवारपासून चोविसाव्या दिवशी होतं. तिकडे याज्दला कियूमर्सचे वडील, उस्ताद यदुल्लाह, हृदयाच्या दुखण्याने थकले होते. आयुष्यभर मागावर तेरमे विणत आलेला म्हातारा. रेशमाचं ते वेलबुट्टीदार कापड त्यांच्या हातून उतरलं की सुना-लेकी ते पेटीतून वर्षात एकदाच काढत. नात झाली तेव्हा कियूमर्सने तिचं नावच तेरमे ठेवलं. म्हातारा फोनवर म्हणाला होता, मी न विणलेलं तेवढं एक तेरमे मला बघायचंय. आता एका पुस्तिकेवाचून ते राहणार होतं.

मी तूबा. बत्तीस वर्षं या शहरात लोकांचे जन्म, लग्नं, घटस्फोट आणि मृत्यू एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेते. स्टेशनामागे माझं दोन खोल्यांचं दुकान आहे. माझ्याकडून आजवर कुणाचा साधा फोटो हरवलेला नाही. त्यामुळे मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग मी ते दोन साखरबदाम नीट पाहिले.

ते माझ्याच काउंटरवरच्या वाटीतले होते. म्हणजे चोराने पुस्तिका काढून घेतली, थांबला, आणि वाटीतून उचललेले दोन बदाम पाकिटात घातले. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसरं काही नसलं तर निदान एक फूल ठेवून देतात. या माणसाला चोरी करवली, पण पाकीट रिकामं ठेववलं नाही.

चोर घरचाच होता.

२

फाइल गुरुवारी संध्याकाळी पुरी झाली होती, आणि त्या वेळी दुकानात चार मोठी माणसं आणि एक बाळ होतं.

कियूमर्स दातांच्या कवळ्या बनवतो, हात सोन्यासारखा, जीभ त्याहून गोड. त्या दिवशी त्याची दाढी चांगलीच वाढलेली होती. मी टोमणा मारला तर म्हणाला, नव्या बापाला दाढी करायला वेळ कुठे असतो. मग जाता जाता सांगितलं, वडिलांच्या हृदयाच्या औषधांची चिठ्ठी भाषांतराला दिली होती ना, ती आता राहू दे. मी राहू दिली. अर्ध्यात सोडलेलं काम मला आवडत नाही, एवढंच तेव्हा मनात आलं.

त्याची बायको गुलनार बालवाडीत शिकवते. ती बाळाला मांडीवर घेऊन शांत बसली होती, एरवी ती बसत नाही. तिची आई शम्सी खानुम बाळंतपणासाठी रश्तहून आलेली, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. फोटोवाल्याला बाळाचा फोटो तीनदा पुन्हा काढावा लागला होता, कारण पहिल्यात डोळे मिटलेले, दुसऱ्यात जांभई आणि तिसऱ्यात मागे शम्सी खानुमचा हात. शम्सी खानुमचं म्हणणं, हातामुळेच तो फोटो चांगला आला होता.

शेवटी आली महलका, कियूमर्सची थोरली बहीण. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई दिवसभर मागावर बसायची, तेव्हा याला कडेवर घेऊन वाढवलं ते हिने. हातात हलव्याचं ताट. पीठ लोण्यात खरपूस भाजलेलं, केशर, गुलाबपाणी, वर बदामाच्या कापांची नक्षी. "बाळाच्या कागदांचं तोंड गोड," म्हणाली. सगळ्यांनी घेतला. शम्सी खानुमने घास तोंडात टाकला, आणि तिचे ओठ क्षणभर हलले. मग कुणी पाहिलं तर नाही ना अशी इकडेतिकडे नजर टाकून तिने चहाचा घोट घेतला.

फाइल मागच्या खोलीत होती. गुलनार तिथे बाळाचं लंगोट बदलायला गेली, शम्सी खानुम नमाजाला, कियूमर्स झेरॉक्स काढायला आणि महलका ताट धुवायला. प्रत्येक जण एकटा, प्रत्येक जण पाचेक मिनिटं. आणि आत जाताना प्रत्येकाने माझ्या वाटीतून दोन-दोन साखरबदाम उचलले होते, मीच आग्रह करकरून दिले होते. त्या दिवशीचा माझा पाहुणचार मला नडला.

३

मी पोलिसांत जाणार नव्हते. घरातला चोर पोलिसांना सापडतो, पण मग घर सापडत नाही.

पहिली पाळी शम्सी खानुमची. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ती लसूण सोलत होती. पुस्तिका गेली हे ऐकून तिने आधी माझ्या दुकानाच्या कुलपाचा उद्धार केला, मग जर्मनीतल्या सगळ्याच कुलपांचा. मला एक गोष्ट माहीत होती: जाताना लेकीने आधी रश्तला यावं, याज्द नंतर, यावरून महिनाभर वाद चालला होता. मी तो विषय काढला.

"तो वाद मी सोडला," ती म्हणाली. "आधी याज्दलाच जाऊ दे त्यांना. मीच सांगितलं तसं."

"तुम्ही? कधी?"

"झाले दोन आठवडे," असं म्हणून ती लसणाकडे इतकं लक्ष देऊन पाहू लागली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

शम्सी खानुमने हट्ट सोडला ही बातमी मला पुस्तिकेच्या चोरीहून मोठी वाटली. रश्तची ती बाई, माशात आंबट कमी पडलं म्हणून जावयाशी आठवडाभर अबोला धरणारी.

गुलनार स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पुस्तिका गेली म्हटल्यावर ती मटकन खाली बसली. ते सोंग नव्हतं. सोंग मी रोज काउंटरवर पाहते. मी तिला सहज विचारलं, सासऱ्यांची तब्येत कशी आहे. ती म्हणाली, झोपलेलेच असतात हो, आपण फोन करावा तेव्हा झोपलेले. बोलताना तिने बाळाचं टोपडं दोनदा काढलं आणि दोनदा घातलं.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "तूबा खानुम, कियूमर्सला आज नका सांगू. रविवारपर्यंत शोधा. सोमवार चुकला तर तो कोलमडेल."

"सात आठवडेच तर आहेत, बाई. वडील थांबतील."

तिने मान दुसरीकडे वळवली. "तारीख चुकता कामा नये," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

म्हातारा थांबेल की नाही, असं ती म्हणाली नव्हती. तारीख म्हणाली होती.

४

शनिवारी सकाळी मी कियूमर्सच्या प्रयोगशाळेत गेले, माझी कवळी टोचते हे निमित्त करून. ती टोचतेच, पण ते वेगळं. त्याची दाढी आणखी वाढली होती. मी पुस्तिकेचा विषय काढला नाही, नुसती चौकशी केली.

आगाजान कसे आहेत? वडिलांना ते सगळे आगाजान म्हणतात. तो म्हणाला, ठीक, पण घसा बसलाय, आवाज फुटतच नाही. दोन आठवडे झाले, फोनवर बोललेच नाहीत. हे सांगताना तो माझी कवळी घासत होता आणि गरजेपेक्षा बरीच जास्त घासत होता.

मी म्हटलं, मग औषधांची चिठ्ठी का थांबवलीस? आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाणार?

"तिकडे मिळतात आता सगळी," तो म्हणाला. पण गेल्याच महिन्यात हाच माणूस तिकडे ती औषधं मिळत नाहीत म्हणून माझ्या काउंटरवर डोकं धरून बसला होता.

मग त्याने आवाज खाली आणला. "तूबा खानुम, एक विनंती. आबजीसमोर आगाजानचा विषय काढू नका. मागच्या वर्षी मावशी गेल्याचं कुणीतरी तिला फोनवर सांगितलं, तर रक्तदाब इतका चढला की पाच दिवस दवाखान्यात होती. तिला उगाच काळजी नको."

आबजी म्हणजे त्याची ताई, महलका. मी कवळी तोंडात बसवली. ती आता टोचत नव्हती, पण दुसरं काहीतरी टोचायला लागलं होतं.

५

महलकाचं घर नदीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. तिने दार उघडलं तेव्हा अंगात कोट होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. हीटर चालू, खिडकीच्या काचा घामेजलेल्या, आणि बाई कोटात. मी म्हटलं, बाहेर निघालीस का? म्हणाली, नाही, थंडी वाजतेय. कपाळावर घाम होता.

तिने चहा आणला, अक्रोड भरलेले खजूर आणले. मी तिच्या केसांकडे पाहिलं. महलकाचे केस गेली वीस वर्षं तांब्याच्या रंगाचे, दर दोन आठवड्यांनी न चुकता. आज भांगात नखाएवढी पांढरी पट्टी होती. गुरुवारी डोक्याला रुमाल होता, म्हणून ती दिसली नव्हती.

"केस का गं असे?" मी विचारलं.

"कंटाळा. आणि तीन आठवड्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यांना जायचंय गुडघ्यांसाठी, तिथे रंग कुठे टिकतो." कुठले झरे, हे विचारलं तर तिला गावाचं नाव आठवेना.

शेवटी मी तोच प्रश्न विचारला. आगाजान कसे आहेत?

तिचा चेहरा एकदम उजळला, घाईघाईने दिवा लावल्यासारखा. "छान आहेत. कालच बोलले माझ्याशी, बराच वेळ. बाळाला हाक मारत होते. पण कियूमर्सला यातलं काही नका सांगू हं, तो हळवा आहे. त्याच्या मनाला लागेल, मी बोलले आणि तो नाही बोलला म्हणून."

जिना उतरताना मी एकेका पायरीवर थांबत होते, आणि ते माझ्या गुडघ्यांमुळे नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या तीन तब्येती झाल्या होत्या. सुनेच्या सांगण्यात तो सदा झोपलेला, मुलाच्या सांगण्यात आवाज बसलेला, आणि मुलीच्या सांगण्यात काल तासभर गप्पा मारणारा. तिघांनीही मला तेच बजावलं, त्याला सांगू नका, तिला सांगू नका.

घरी जाताना मी दुकानातून पीठ, लोणी, केशर आणि गुलाबपाणी घेतलं. मग पाचही जणांना रविवारी दुपारी दुकानात बोलावलं. बाळालाही, कारण प्रकरण तिचं होतं.

६

रविवारी ते आले. कियूमर्सला दारातच सांगितलं, पुस्तिका हरवली आहे आणि आज सापडणार आहे. तो पांढरा पडला. मी सगळ्यांना बसवलं आणि टेबलाच्या मधोमध माझ्या हलव्याचं ताट ठेवलं.

आधी घ्यायचं कुणी, यावर आमच्या रिवाजाप्रमाणे चांगली पाच मिनिटं गेली. तुम्ही घ्या, नाही तुम्ही, तुमची पावलं माझ्या डोळ्यांवर, छे, आधी मोठ्यांनी. शेवटी मीच प्रत्येकाच्या हातात एकेक वडी ठेवली.

"हा हलवा मी आनंदाचा केलेला नाही," मी म्हटलं. "आनंदाला आपण केकचा डबा नेतो. गुरुवारच्या संध्याकाळी आपण हलवा गेलेल्यांच्या नावाने वाटतो, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा घास घ्या, आणि घास घेताना जे म्हणायचं ते ज्याच्या त्याच्या मनाने म्हणा."

 मग शम्सी खानुमने घास घेतला आणि तिचे ओठ हलू लागले. गुलनारने डोळे मिटले आणि तिचेही ओठ हलले. कियूमर्स हातातल्या वडीकडे बघत मृताच्या शांतीची प्रार्थना पुटपुटायला लागला. समोर महलका तीच प्रार्थना पुटपुटत होती. अर्ध्यात दोघांनी एकाच वेळी मान वर केली.

"आबजी," कियूमर्स म्हणाला, "तू कुणासाठी म्हणतेयस?"

"तू कुणासाठी?"

 तिने कोटाच्या गुंड्या एकेक करून सोडल्या. आत गळ्यापासून पायापर्यंत काळे कपडे होते. सतरा दिवस ती या शहरात काळ्यावर कोट घालून हिंडत होती. कियूमर्सने तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या दुखवट्यासाठी वाढवलेल्या दाढीवरून हात फिरवला. पुढे दोघांनी सांगायचं काही उरलंच नाही. तो उठून तिच्या पायाशी जाऊन बसला आणि लहान होता तेव्हा रडायचा तसा तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला. मीही रडले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. उस्ताद यदुल्लाह सतरा दिवसांपूर्वी मागावर बसल्याजागी गेले. याज्दहून आईने दोन फोन केले. लेकीला म्हणाली, कियूमर्सला कळू देऊ नकोस, बाळाच्या आनंदावर विरजण नको. लेकाला म्हणाली, महलकाला कळू देऊ नकोस, तिचा रक्तदाब. दोघांना आपापल्या शपथा. मग दोघं सतरा दिवस एकमेकांसमोर हसत बसली, आणि एका मेलेल्या माणसाची तब्येत एकमेकांना खोटी सांगत राहिली. आमची माणसं दूर असलेल्याला वाईट बातमी कळू देत नाहीत. ती माया असते, पण तिने दोन सख्ख्या भावंडांना रडताना वेगळं पाडलं.

कियूमर्सची घाई वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी होती. विमानाची तारीख त्याच्या आदल्या दिवशीची. म्हाताऱ्याने नातीसाठी विणलेला तेरमेचा तुकडा आईच्या पेटीत होता, आणि ती म्हणाली होती, चाळिसाव्याला बाळाला तो पांघरीन, तेव्हाच काळं सोडीन. गुलनार आणि शम्सी खानुम यांना ते ठाऊक होतं. म्हणूनच रश्तचा हट्ट सुटला होता.

"आणि गरम पाण्याचे झरे?" मी महलकाला विचारलं.

तिने नाक पुसलं. "तेच विमान. दहा ओळी मागची जागा. आधी म्हटलं होतं, एकदा विमानात बसला की तोंड लपवून कुठे जाईल, तिथे सांगेन."

सगळ्यांना रडता रडता हसू आलं. बाळ तेवढं हलव्याकडे टक लावून बघत होतं.

"पण पुस्तिका का घेतलीस गं?" कियूमर्सने विचारलं.

महलकाने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "अर्जावर आजोबांचं नाव असतं. खिडकीमागचा माणूस संगणकावर तिकडचं दप्तर उघडणार. त्यात बघून तो तुला म्हणणार, वडिलांना देव क्षमा करो. काचेच्या भोकातून, परक्या माणसाच्या तोंडून तुला कळणार. मला ते सहन होईना. म्हटलं, रविवारपर्यंत मी स्वतः सांगते आणि पुस्तिका परत ठेवते. रोज तुझ्या दारापर्यंत आले. रोज परत गेले."

कोटाच्या आतल्या खिशातून, काळ्या कपड्यांना लागून, तिने लाल पुस्तिका काढली. ती गरम झालेली होती.

"आणि साखरबदाम?" मी विचारलं.

"रिकामं कसं ठेवू, तूबा जान? त्याचं पाकीट होतं ते."

७

रविवारी संध्याकाळी मी अर्जाचं ते एक पान नव्याने लिहिलं. आजोबांच्या नावाआधी एक शब्द वाढवला, कैलासवासी म्हणतात त्या अर्थाचा. बत्तीस वर्षांत तो शब्द मी हजारदा लिहिला असेन, पण इतक्या सावकाश कधी लिहिला नव्हता.

सोमवारी दहाला आम्ही सगळे वकिलातीत होतो. नियमाप्रमाणे आईबाप आणि बाळ पुरेसं होतं, पण महलका आली, शम्सी खानुम आली, आणि माझ्या कागदांत खोट निघू नये म्हणून मीही गेले. महलका काळ्यातच होती, कोट हातावर टाकलेला. नंबर पुकारला तशी ती भावाच्या शेजारी काचेशी जाऊन उभी राहिली, आणि तिने त्याचा हात धरला. ती कशाची वाट पाहत होती ते मला कळत होतं. ज्या वाक्यापायी तिने चोरी केली, ते ऐकायला ती स्वतःच्या पायांनी आली होती.

खिडकीमागचा माणूस पन्नाशीचा, चष्मा नाकावर घसरलेला. त्याने कागद एकेक पाहिले, फोटोवरची तेरमे आणि समोरची तेरमे ताडून पाहिली. मग अर्जावर त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. त्याने मान वर केली, भावाची दाढी पाहिली, बहिणीचे काळे कपडे पाहिले, आणि मधल्या बाळाकडे पाहिलं.

"वडिलांना देव क्षमा करो," तो म्हणाला, "आणि नव्या बाळाचं पाऊल शुभ असो."

"देव तुमच्याही गेलेल्यांना क्षमा करो," भाऊ आणि बहीण एकदम म्हणाली, एकाच आवाजात, लहानपणी पाठ म्हणून दाखवल्यासारखी.

त्या माणसाने शिक्का मारला, पुस्तिका पाकिटातून काढून ठेवून घेतली आणि रिकामं पाकीट काचेखालून परत सरकवलं. महलकाने ते उचललं. पर्स उघडून थोडं चाचपलं, दोन साखरबदाम काढले, ते पाकिटात घातले आणि पाकीट कियूमर्सच्या खिशात ठेवलं.

"विमानात खा," ती म्हणाली. "माझी जागा बदलून तुमच्या शेजारी मिळते का ते बघ आता."